पिंट्याचं दुखणं

शिलाईच्या दुकानात दिवसभर चिंध्या पडतात. संध्याकाळी झाडून पोत्यात भरल्या, तरी दुसऱ्या दिवशी पायाखाली पुन्हा तेवढ्याच. किश्श्यांचंही तसंच आहे. आमच्या दुकानात कपड्यांपेक्षा किस्से जास्त निघाले असं रशीदभाई म्हणतात, आणि त्यातले निम्मे एकट्या पिंट्याचे आहेत. मी फार बोलणारा माणूस नाही. शाळाही चौथीपर्यंतच झाली. बोलायला लागलो की समोरच्याचा चहा गार होतो. तेव्हा आधी चहा घ्या, मग ऐका.

नांदेडात आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशीन. एकावर मी, एकावर रशीदभाई. आम्ही दोघं तरुणपणापासून एकत्र. खाली सतरंजीवर कांताबाई बसतात, काज-बटण आणि हातशिलाई त्यांच्याकडं. मागच्या बाजूला घर. तिथं मुलगा, सून सुनंदा आणि नात प्राजक्ता. तिला आम्ही प्राजू म्हणतो.

पिंट्या प्राजूचा. तो मासा नाही, पाल नाही, बेडूकही नाही. पाण्यात राहणारा सॅलॅमँडर. त्याचं खरं नाव अ‍ॅक्सोलॉटल, पण ते नीट म्हणायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. वीतभर लांब, गुलाबी अंग, चार पाय, माशासारखी शेपटी, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल झालरी आणि तोंड कायम हसरं. प्राजूला दहावीत चांगले मार्क पडले म्हणून तिच्या बापानं हैदराबादहून आणून दिला.

मग प्राजूला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून ती लातूरला गेली. आमच्याकडची अभ्यासाची पोरं लातूरलाच जातात. हॉस्टेलवर फोन फक्त रविवारी. जाताना तिनं पिंट्याला माझ्या हवाली केलं.

"आबा, बाकी कुणाला नाही, तुम्हालाच सांगते. मी डॉक्टर होईपर्यंत नाही, पण परीक्षा देऊन येईपर्यंत तरी त्याला जपा."

मी हो म्हणालो. तिला नाही म्हणायची मला सवय नाही. तिची आजी गेली तेव्हा ती तिसरीत होती. सुनंदाला सकाळी डब्याची घाई, म्हणून शाळेत जाताना तिची वेणी मीच घालायचो. माझ्याकडं पाठ करून बसायची आणि फणी खांद्यावरून मागं द्यायची. केस कमरेपर्यंत गेले तरी वेणी माझ्याच हातची. रशीदभाई म्हणायचे, "मास्टर, इतनी सीधी टीप गिऱ्हाइकाच्या पँटवर मारत जा की!"

*

दुकानात येणारा प्रत्येक जण आधी पिंट्याकडं बघतो, मग माप देतो. जळकोटचे एक पाहुणे मुलाच्या लग्नासाठी स्वतःला कोट शिवायला आले होते. मी खांदा मोजत होतो, तेवढ्यात म्हणाले, "मास्तर, थांबा! ह्याच्या मानगुटीला केवढे किडे लागलेत बघा. रगत पिऊन फुगलेत!"

"ते किडे न्हाईत, पाहुणे."

"अहो, आमचा जलम बैलांत गेला. मला गोचीड शिकवता का? चिमटा आना, आत्ता उपटून देतो!"

आणि बाह्या सरसावून काचेकडं निघालेसुद्धा. माझी टेप त्यांच्या गळ्यात तशीच लोंबकळत राहिली.

रशीदभाईंनी आडवा हात घातला. "चाचा, वो कीडे नहीं. उसकी साँस है. उन झालरींनीच तो श्वास घेतो. उखाड़ोगे तो मर जाएगा!"

पाहुणे मागं सरले. बराच वेळ पिंट्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "श्वास असा उघड्यावर ठेवून हिंडतो? लई भोळा दिसतो बिचारा."

असे पाहुणे पुढं फार आले. शेवटी शेवटी कुणी नुसतं "किडे" म्हटलं, की रशीदभाई मशीनवरची मान वर न करता उत्तर द्यायचे, "साँस है."

*

पिंट्याला थंड पाणी लागतं. नांदेडच्या उन्हाळ्यात थंड पाणी म्हणजे काय, हे नांदेडकराला सांगायला नको. प्राजूनं जाताना पद्धत शिकवून ठेवली होती. बाटल्यांत पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवायच्या आणि झाकण घट्ट लावून एकेक करून टाकीत सोडायच्या. सुनंदाच्या फ्रीजरमध्ये मग दुसऱ्या कशाला जागा उरली नाही. वर दुकानात कूलर आणला, त्याचं तोंडही टाकीकडं.

रशीदभाई चिडले. "मास्टर, जिंदगी गई इस मशीन पे. मेरे कू कभी कूलर नहीं! और ये पिंटूमियाँ, ना सिलाई करता, ना तुरपाई, और उस कू कूलर!"

दुसऱ्या दिवशी मी उठून दुकानात आलो, तर रशीदभाईंचं मशीन टाकीच्या शेजारी सरकलेलं. कूलर, मध्ये पिंट्या, मग रशीदभाई. आजही तिथंच आहे.

त्याच उन्हाळ्यात देगलूरचं एक गिऱ्हाईक उन्हातून आलं. आम्ही काही म्हणायच्या आत त्यानं टाकीतली बाटली उचलली, झाकण उघडलं आणि वितळलेलं सगळं घटाघटा पिऊन टाकलं. मग तोंड पुसून म्हणालं, "मास्तर, गिऱ्हाइकाची सोय करावी तर तुम्हीच!"

रशीदभाई अदबीनं म्हणाले, "पिओ, पिओ. पिंटूमियाँ कुछ नहीं बोलेगा."

*

आता दुखण्याचं सांगतो.

प्राजूच्या परीक्षेच्या आधीची ईद. रशीदभाई दरवर्षी दुकानात सगळ्यांना शीरखुर्मा आणतात. कांताबाईंनी वाटी संपवली, मी संपवली. रशीदभाई टाकीसमोर उभे राहिले. म्हणाले, "सब का मुँह मीठा हुआ. ये बेचारा ईद के दिन भी गोलीच खाएगा?"

पिंट्याला माशांच्या दुकानातून आणलेलं गोळ्यांचं खाणं असायचं. रशीदभाई नव्या कपड्यांत तसेच गोदावरीच्या घाटावर गेले आणि बरणीभर जिवंत बारीक मासे घेऊन आले. पिंट्यानं तोंड उघडलं की मासा नाहीसा! उघडलं की नाहीसा! आम्ही तिघं टाळ्या वाजवत होतो.

थोड्या दिवसांनी पिंट्या दगडाला अंग घासू लागला. खाणं कमी झालं. शेपटीचं टोक आखडून बसायचा. एक गिऱ्हाईक म्हणालंही, "मास्तर, ह्याला किडे लागलेत की."

रशीदभाई म्हणाले, "साँस है."

दुसरी एक बाई म्हणाली. तिलाही तेच. खरे किडे लागले तेव्हा आम्ही सगळ्यांना श्वासच सांगत बसलो होतो!

मग एकदा पिंट्या काचेला चिकटून वर आला, तर त्याच्या पुढच्या पायाजवळ पांढरा दोरा लोंबत होता. लोंबता दोरा दिसला की शिंप्याचा हात कात्रीकडं जातो, त्याला विचार लागत नाही. रशीदभाईंनी दोरा तोडायची छोटी कात्री पाण्यात घातली आणि कचकन दोरा कापला. सफाईनं! पिंट्यानं अशी उसळी मारली, की रशीदभाईंचा सदरा भिजला.

सकाळी बघतो, तर आणखी तीन दोरे. कांताबाईंनी चष्मा लावला, काचेला नाक टेकवलं.

"भाऊ, ह्यो दोरा न्हाई."

"मग?"

"दोरा असा अंगात रुतून बसतोय व्हय? ह्याच्या मागं दोन टोकं हायत, आन ती हालून राहिलीत. हे जितं हाय!"

रशीदभाईंनी कात्री हळूच गादीखाली सरकवली.

*

जनावरांच्या दवाखान्यात आम्ही तिघं रिक्षानं गेलो. पिंट्या झाकणाच्या डब्यात, डबा कांताबाईंच्या मांडीवर, भोवती बर्फाच्या बाटल्या. रांगेत पुढं उमरीची एक म्हातारी शेळी घेऊन बसली होती. तिनं डब्यात डोकावून बघितलं.

"काय वो हे?"

"पिंट्या," मी म्हणालो.

"दूध देतं का?"

"न्हाई."

"अंडी?"

"न्हाई."

"राखण तरी करतं का रातची?"

"न्हाई, आजी."

"मग करतं तरी काय दिसभर?"

मी विचार केला. "पडून राहतं. आन बघतं."

म्हातारीनं शेळीची दोरी आवळली. "आमच्या घरी बी एक हाय असं. त्याला आनला नसता का मग मी दवाखान्यात!"

डॉक्टर तरुण होते आणि खरं बोलणारे होते. डबा बघून म्हणाले, "काका, मी म्हशींचा डॉक्टर आहे. हे मी फोटोतच पाहिलंय. दहा मिनिटं द्या." त्यांचा एक मित्र हैदराबादला माशांवर उपचार करतो. त्याला त्यांनी व्हिडिओवर घेतलं. त्या मित्रानं बघताक्षणी सांगितलं, की हा अँकर वर्म. तोंड नांगरासारखं मांसात रुतवून बसणारा किडा. माशांवरून येतो.

"नदी-तळ्यातलं जिवंत काही खायला घातलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

रशीदभाई छताचा पंखा बघू लागले. कांताबाई म्हणाल्या, "घातलं ना. सण होता."

आम्ही मऊ मलमलचा तुकडा नेला होता. तो भिजवून डॉक्टरांनी त्यात पिंट्याला धरलं आणि चिमट्यानं एकेक किडा अगदी कातडीजवळ पकडून, न हिसकता, सरळ ओढून काढला. मित्र फोनमधून सांगत होता, हे करत होते. एका जागी मात्र फार वेळ गेला. किड्याचं धड नव्हतं, नुसतं तोंड आत राहिलेलं.

"हा कुणी कापला?"

"मैंने," रशीदभाई म्हणाले. "मेरे कू लगा, दोरा निकला है."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या टेपकडं बघितलं. म्हणाले, "बरं झालं तुमचा सुताराचा धंदा नाही."

निघताना त्यांनी समजावून सांगितलं. पिंट्याला वेगळ्या टबात ठेवायचं, अंधाऱ्या थंड जागी. टाकी रिकामी करून उन्हात कोरडी करायची. सांगितलं तेवढंच मीठ घालून थोडा वेळ मिठाच्या पाण्यात, मग लगेच स्वच्छ पाण्यात. उगाच हाताळायचं नाही. किड्यांची अंडी राहिली असली तर पुन्हा निघतील, म्हणून लक्ष ठेवायचं.

"वाचेल ना?" मी विचारलं.

"त्या जखमेवर आहे सगळं," डॉक्टर म्हणाले. "चिघळली नाही तर वाचेल."

घरी आल्यावर सुनंदानं दारातच सांगून टाकलं, "परीक्षा होईपर्यंत प्राजूला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. ती पुस्तकं टाकून पहिल्या बसनं येईल."

*

सुनंदाचा दुसऱ्या एका उपायावर विश्वास. मी मिठाचं पाणी करायला बसलो, तर ही मूठभर मीठ, मोहरी आणि मिरच्या घेऊन टबाभोवती ओवाळून राहिली. पिंट्याची दृष्ट!

कांताबाईंना दृष्टबिष्ट पटत नाही. त्या म्हणाल्या, "सूनबाई, डॉक्टरनं मीठ पान्यात टाकायला सांगितलंय, भवताली फिरवायला न्हाई."

सुनंदा म्हणाली, "म्हणजे मीठच सांगितलं ना? मग मी काय वेगळं करून राहिले? इतकं शिकून डॉक्टर शेवटी माझ्याच औषधावर आले!"

मिरच्या तेवढ्या आम्ही तिच्या हातातून काढून घेतल्या.

*

पहिला रविवार आला. फोनवर प्राजूचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आबा, पिंट्याला दाखवा." पिंट्या मागच्या खोलीत टबात, त्याला हलवायचं नाही. आणि टाकी रिकामी.

रशीदभाई म्हणाले, "मास्टर, हम दर्जी हैं. फिकर कायकू?"

चिंध्यांच्या पोत्यातून गुलाबी अस्तर काढलं. मी कापलं, रशीदभाईंनी शिवलं. झालरींना लाल लेस. आत थोडा कापूस, आणि बुडावा म्हणून पोटात लोखंडी बॉबिन. कांताबाईंनी शर्टाची काळी बटणं लावून डोळे केले आणि तोंडाला हसरा टाका घातला. टाकीत पाणी भरून सोडला. खरं सांगतो, मलाही क्षणभर वाटलं, पिंट्या बरा झाला!

रशीदभाई टाकीच्या टेबलामागं खाली बसले. हातात दोरा, दोऱ्याला शेपटी. फोन लागला. मी लांबूनच टाकी दाखवली. रशीदभाईंनी दोरा ओढला. पण त्यांना सवय मशीनची. एकदा सुरू झाले, की टीप संपेपर्यंत थांबत नाहीत! पिंट्या मागं-पुढं, मागं-पुढं, एकसारखा.

"आबा, तो असा काय डुलतोय?" प्राजू म्हणाली.

सुनंदा पटकन म्हणाली, "शेजारी गाणी लागलीत."

कांताबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"बरा आहे ना पण?"

"हाव," मी म्हणालो. "तू कशी हायस?"

"मस्त, आबा."

तिनं कानावरून लोकरीची टोपी ओढून घेतली होती. वेणी नेहमीसारखी खांद्यावरून पुढं. सुनंदानं विचारलं, "एवढ्या उन्हात टोपी कशाला गं?"

"क्लासमध्ये एसी लई असतो, आई."

मी फोनकडं बघत राहिलो. मी तसाही कमीच बोलतो.

दर रविवारी मग हेच. टाकीत तो कापडाचा, टेबलाखाली रशीदभाई, आणि लातुरात टोपी.

*

आमच्याकडं आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं कुणी जात नाही. पिंट्या आजारी आहे हे गल्लीत पसरलं आणि माणसं येऊ लागली. कुणी बिस्किटाचा पुडा, कुणी शेंगदाण्याचे लाडू, एकानं तर शहाळं आणलं. टबाजवळ बसायचे, विचारपूस करायचे, "अशक्त झालाय हो" म्हणायचे आणि खाऊ ठेवून जायचे.

कांताबाईंचा भाचा इस्लापूरहून आला. आत्यानं फोनवर सांगितलं होतं, की दवाखान्यात नेला, अंगात ताकद राहिली नाही. त्यानं वाटेत सहस्रकुंडाकडच्या ओढ्यातून कॅनभर बारीक मासे धरून आणले. आम्ही चहा ठेवायला वळलो, तेवढ्यात त्यानं कॅन टबात उपडा केला.

"घे लेका, खा! गावाकडचं हाय!"

पिंट्याच्या अंगावर पुन्हा किडे. पुन्हा रिक्षा, पुन्हा चिमटा. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आता कुठला सण होता?"

"सण न्हाई," कांताबाई खाली बघून म्हणाल्या. "भाचा होता."

त्या दिवसापासून कांताबाईंनी स्वतःचं बस्तान टबाशेजारी हलवलं. तिथंच काज, तिथंच बटण. कुणी आलं की हात पुढं. "पथ्य हाय त्याला. इकडं द्या माझ्याकडं."

पिंट्याचं वजन महिनाभर होतं तेवढंच राहिलं. कांताबाईंचे ब्लाऊज मात्र आम्हाला दोनदा उसवून सैल करावे लागले.

*

जखमेला बुरशी धरू नये म्हणून डॉक्टरांनी निळं औषध दिलं होतं, पाण्यात थेंबानं टाकायचं. ते काम रशीदभाईंनी मागून घेतलं. कात्रीचं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं, ते बोलत नव्हते एवढंच. सकाळी येऊन आधी टबाशी बसायचे, मग मशीनवर. दोन्ही हात मनगटापर्यंत निळे.

त्यातच मतदान आलं. रशीदभाई इस्त्रीचा सदरा घालून रांगेत. पोलिंगवाल्या साहेबांनी हात बघितले आणि म्हणाले, "चाचा, तुमचं झालंय. बोटाला शाई आहे."

रशीदभाईंनी दोन्ही पंजे टेबलावर पसरले.

"साहब, एक मत कू एक बोट. मैं क्या दस जगा जाके आया?"

*

परीक्षा झाली आणि प्राजू आली. पाठीवर बॅग, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला. आम्ही सकाळीच पिंट्याला टाकीत सोडलं होतं. खरा. जखम भरली होती. पायाजवळ एक बारीक पांढरा वण उरला होता, तो दिसू नये म्हणून रशीदभाईंनी त्या बाजूला दगड सरकवून ठेवला होता.

प्राजू तशीच टाकीपाशी गेली. काचेला बोट लावलं. पिंट्या सावकाश चालत आला आणि बोटासमोर थांबला. ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. आम्ही तिघं आपापल्या कामात असल्यासारखं दाखवत होतो. रशीदभाईंच्या मशीनवर कापड नव्हतं, तरी मशीन चालू होतं.

प्राजूनं दगड उचलून बाजूला केला. वण बघितला. मग वळून म्हणाली, "आणि कापडाचा कुठंय?"

मशीन थांबलं.

"कौन-सा कपड़े का, बेटा?" रशीदभाई म्हणाले.

"रशीदचाचा, पिंट्याच्या डोळ्याला चार भोकं नसतात!"

कांताबाईंनी गपकन डोळे मिटले. सुनंदा आतून आली होती, ती तशीच परत फिरली.

"पहिल्याच रविवारी कळलं मला," प्राजू म्हणाली. "मला वाटलं तो मेलाय, आबा. परीक्षेपर्यंत तुम्ही मला असं खेळवून राहिलात असं वाटलं. आत्ता दारात येईपर्यंत तसंच वाटत होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही इतका छान शिवला होता, म्हणून."

मी चष्मा पुसला. सावकाश बोललो, माझं बोलणं तसंच असतं.

"पोरी, वेणीला पांढरा दोरा नसतो."

तिचा हात स्कार्फकडं गेला.

"टोपीच्या काठाला कच्चा टाका घातला होतास. काळ्या केसाला पांढरा दोरा. तू मान वळवलीस तेव्हा दिसला. टाका मीच शिकवलेला, मला नाही ओळखू येणार?"

"हॉस्टेलात काळा दोरा मिळाला नाही," ती पुटपुटली. मग हळूहळू स्कार्फ सोडला. केस कानाच्या वरपर्यंत, पोरासारखे. "सगळ्या पोरींच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, आबा. कमरेएवढे केस, रोज विंचरून काढायला वेळ कुठून आणू? एका दुपारी कापून टाकले. तुम्हाला कसं सांगू कळेना. म्हणून वेणी ठेवली आणि टोपीला शिवली."

"कधी कळलं तुम्हाला?" तिनं मग विचारलं.

"पहिल्याच रविवारी."

तिनं बॅग जवळ ओढली. बॅगेतून फणी काढली. खाली सतरंजीवर माझ्याकडं पाठ करून बसली आणि फणी खांद्यावरून मागं दिली. मी घेतली. वेणी घालण्यासारखं काही नव्हतं. तरी मी भांग पाडला, विंचरलं, बोटांनी तीन पेड धरून बघितले. ते सुटले. पुन्हा धरले.

कानामागं केसाला चिकटलेला एक पांढरा ठिपका दिसला. मी फणी थांबवली.

टाकीशेजारून कांताबाईंचा आवाज आला, "भाऊ, चिमटा देऊ?"